भिंतीला सांगितलेलं

बाई,

काल दुपारी मिल्टनमध्ये, एका नव्याकोऱ्या घराच्या वरच्या मजल्यावर, तुमचं नाटक झालं. पडदा नव्हता, घंटा नव्हती, आणि करणाऱ्यांपैकी एकालाही आपण नाटक करतोय याचा पत्ता नव्हता. तरी वाक्यं तुमचीच. मी दाराशी उभा होतो, बूट खाली काढून ठेवलेले, पायात नुसते मोजे, हातात टॉर्च. आणि समोरचा माणूस आता काय बोलणार ते मला तो बोलायच्या आधी ठाऊक होतं. माझे ओठ आपोआप हलत होते. बायकोने मान वळवून डोळ्यांनीच विचारलं, काय पुटपुटताय? तिला काय सांगणार? चाळीस वर्षांपूर्वीचं प्रॉम्प्टिंग करतोय म्हणून?

तुम्हाला जाऊन बत्तीस वर्षं झाली. आज समोर आलो तर तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काचेच्या नळ्या पुसणारा, चोवीस वर्षांचा, टेंपररी अटेंडंट आता साठीच्या पुढे गेलाय, पोट सुटलंय, आणि इथे त्याच्या सहा व्हॅन्स फिरतात. घरं गरम ठेवायचा धंदा आहे माझा. बेसमेंटमध्ये फर्नेस असते, तिथून पत्र्याच्या नळकांड्यांनी गरम हवा प्रत्येक खोलीत जाते. ही नळकांडी म्हणजे डक्ट. मस्कतला एसीचे डक्ट वळायला शिकलो, किचनरला येऊन गरम हवेचे शिकलो, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की या माणसाला घरात शिरल्या शिरल्या कळतं बिघाड कुठे आहे. मीटर लावायच्या आधी मी ऐकतो. तुम्हीच म्हणाला होतात, "तुझा कान चोराचा आहे." त्या कानावर मी तीन पोरांची शिक्षणं केली.

पण त्या कानाचं एक आहे, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. फर्नेसचा पंखा बंद होतो तेव्हा घरात एक क्षण असा येतो की सगळं घर श्वास धरून बसतं. पत्रा गार व्हायला लागायच्या आधीचा क्षण. नाटकात पात्र अडतं आणि सगळं सभागृह थांबतं, अगदी तसा. त्या क्षणात, कनाटा गावी कामाला गेलो असताना एका इंजिनिअरच्या रिकाम्या घरात, मला पहिल्यांदा डक्टच्या जाळीतून ऐकू आलं: "पुढे?"

अडल्यावर तुम्ही विंगेकडे न बघता ओठ न हलवता म्हणायचात तेच. हळू, थोडं चिडकं. मी टॉर्च मारून पाहिलं. धूळ आणि कुणा लेकराचा एक लेगोचा तुकडा. म्हटलं पत्र्याचा आवाज असेल. मग पुन्हा किचनरला आलं, मग इथे. वर्षातून एकदोनदा. गिऱ्हाईक विचारतं, "एव्हरीथिंग ओके?" मी म्हणतो, ओके.

नाटक मला सबंध पाठ आहे. कॉलेजने हॉल दिला नाही म्हणून तुम्ही तालमी लॅबमध्ये घ्यायचात. मी कपाटं लावता लावता ऐकत असे. एक दिवस महाराजाचं काम करणारे गणिताचे प्राध्यापक वाक्य चुकले आणि मी टेबलाखालून म्हणालो, "तसं नाहीये ते." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. वही माझ्या हातात दिलीत. मग रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात बसायचो. तुम्ही एकट्या राहायचात. एका हातात डाव, दुसऱ्या हातात पेन्सिल, कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष नाही, वरण दर वेळी लागायचं. चार शतकांपूर्वी विलायतेत लोक उभ्याने नाटकं बघायचे, असं तुम्ही मला पोळी वाढता वाढता सांगितलंत. रंगमंचाच्या वर एक सज्जा असायचा. धर्माच्या नावाने लोकांच्या हसण्यागाण्यावर पहारा ठेवणारे जे होते, त्यांनाच नाटकवाले सज्ज्यात नाहीतर टेबलाखाली लपवायचे आणि शेवटच्या प्रवेशात बाहेर ओढायचे. "मग त्यांना राग नाही यायचा?" मी विचारलं. "यायचा ना. पुढे त्यांच्या हातात सत्ता आल्यावर त्यांनी नाटकगृहंच बंद केली." असं म्हणून तुम्ही इतक्या मोकळ्या हसलात, जणू तो त्या नाटकवाल्यांचाच विजय होता.

अशा कितीतरी जुन्या नाटकांचं पाणी पिऊन तुम्ही आपलं एक रचलंत. एका श्रीमंत विधवेच्या घरी महाराज मुक्कामाला येतो, माडीवर राहतो. खालच्या देवघरात येऊन जो तो देवापुढे आपलं दुःख बोलतो, आणि तासाभराने महाराज ते न सांगता ओळखतो. कारण देवघराच्या छताला भोक आहे आणि महाराजाचं आसन बरोबर त्या भोकावर आहे. त्याचं पालुपद एकच, बोट आकाशाकडे करून: "वर सगळं ऐकू जातं!" शेवटी घरातली मोलकरीण देवघरात जाऊन मुद्दाम एक न घडलेली गोष्ट भिंतीशी बोलते. महाराज चारचौघांत ती गोष्ट जाहीर करतो, आणि मोलकरीण शेवटचं वाक्य बोलते. तुम्ही मला तेव्हा म्हणालात ते मी धंद्यातसुद्धा विसरलो नाही: "भोंदू माणूस खोटं बोलत नसतो रे. ऐकलेलं खरंच सांगतो. कुठून ऐकलं, तेवढं सांगत नाही."

ते शेवटचं वाक्य तुम्ही सात वेळा बदललंत. आधी "हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं!" मग "हे मी देवालाही सांगितलं नव्हतं!" काही केल्या बसेना. मी जेवता जेवता म्हणालो, "आमची आई म्हणते, भिंतीला कान असतात." तुमचा डाव हवेत थांबला. आणि वाक्य झालं: "हे तर मी फक्त भिंतीला सांगितलं होतं!" अर्धं तुमचं, अर्धं माझं. वहीत शेवटच्या पानावर ते माझ्या अक्षरात आहे.

आता मिल्टन. गावातल्या आमच्या मराठी मंडळींत एक ताई आहेत, सगळ्यांचं करणाऱ्या, गणपतीत दोनशे माणसांचा मसालेभात एकहाती उचलणाऱ्या. त्यांच्याकडे डिसेंबरपासून एक बाबा उतरले होते, तिकडून आलेले. दर शनिवारी दुपारी दर्शन. लोक बेसमेंटमध्ये बसतात, ताई प्रत्येकाशी बोलतात, धीर देतात. मग एकेकाला वर मास्टर बेडरूममध्ये नेतात, आणि बाबा न सांगता ओळखतात. बायको जाऊ लागली. "त्यांनी माझ्या गुडघ्याचं ओळखलं," म्हणाली. मी म्हटलं, "जिना चढताना तू गुडघा धरतेस. आपला पोस्टमनसुद्धा ओळखेल."

जानेवारीत ताईंचा फोन आला. "दादा, बाबांची खोली तापतच नाही हो. बाहेर मायनस बावीस. जरा बघता का?" गेलो. रस्त्यातल्या खांबांवर देशाच्या दीडशेव्या वाढदिवसाचे गेल्या सालचे झेंडे अजून कडक होऊन लटकत होते. घरात शिरलो आणि आधी शांतता ऐकू आली. पंखा बंद. ताई म्हणाल्या, दर्शनाच्या वेळी फर्नेस बंद ठेवतो, बाबांना पंख्याची घरघर चालत नाही. बरं, म्हटलं. वर गेलो. आता बघा, इथे खोलीत दोन जाळ्या असतात. खिडकीखालच्या जाळीतून गरम हवा येते. समोरच्या भिंतीतली जाळी खोलीतली गार हवा ओढून खाली नेते. बाबांचं आसन त्या गार जाळीला पाठ लावून होतं. बाबा शाल पांघरून कुडकुडत होते, गृहस्थ वयस्कर, चेहरा प्रेमळ. मी म्हटलं, "बाबा, आसन खिडकीखाली घ्या. तिथे ऊब येईल." ते हसले, बोट वर केलं. "आम्हाला इथेच बरं. इथे वरचा आवाज येतो."

बाई, माझ्या हातातून पाना पडला.

खाली बेसमेंटमध्ये गेलो. ताई ज्या कोचावर बसवून लोकांचं दुःख ऐकतात, त्याच्या मागे तीच भिंत, त्याच भिंतीत जाळी. मध्ये पत्र्याचा सरळ उभा बोळ. ताईंना हे ठाऊक होतं का? नसावं. त्या खरंच धीर देतात. थंडी वाजणारा माणूस गार जाळीशी बसत नाही, बाई. ऐकणारा बसतो. मी जाळीला कान लावला, तपासायला म्हणून. वरून बाबांचा खोकला ऐकू आला, शेजारी बसल्यासारखा. आणि त्याच्या मागून, फार मागून: "पुढे?"

मी बिल न देताच घरी आलो आणि गप्प बसलो. आमच्या धंद्यात एक नियम असतो. दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये काय काय दिसतं, काय ऐकू येतं, ते बाहेर बोलायचं नाही. शिवाय गावातली निम्मी मराठी घरं माझी गिऱ्हाइकं. ही कारणं मी मनाशी म्हणत होतो आणि मला ती कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत होती.

आमच्या बेसमेंटमध्ये एक मुलगी भाड्याने राहते. लातूरकडची, आईबापांची एकुलती एक. कॉलेज करते, कॉफीच्या दुकानात शिफ्ट करते, आणि सगळ्यांसारखं तिचंही एकच स्वप्न: पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना. परमनंट. ती गेल्या गुरुवारी वर आली, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाली, "काका, मी सेमिस्टर ड्रॉप करतेय." बाबांची आज्ञा झाली होती. शिक्षण तिच्या नशिबात नाही. बाबांबरोबर पुढच्या मुक्कामी जायचं, स्वयंपाकाची सेवा करायची, कागदपत्रांचं बाबा बघतील. शनिवारी पासपोर्ट त्यांच्या पायांशी ठेवायचा.

"वेडी आहेस का? सेमिस्टर सोडलंस तर स्टडी परमिटचं काय? पीआर विसर मग."

"काका, त्यांनी सांगितलं मी दोन विषयांत फेल झाले. मी आईलासुद्धा बोलले नव्हते."

"कुणाला बोलली होतीस?"

"ताईंना फक्त. आणि त्यांनी शप्पथ घेऊन सांगितलं, त्या बाबांना काही बोलल्या नाहीत."

"कुठे बसून बोललीस?"

मी तिला जाळी समजावली. कागदावर घर काढून दाखवलं. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमचा विश्वास नाही म्हणून तुम्हाला असं दिसतं." तिचंही बरोबर होतं. परक्या मुलखात कुणीतरी न सांगता ओळखलं याची केवढी ऊब असते, ते मला कळतं. मी ऊबच विकतो. शेवटी म्हटलं, "माझं ऐकू नकोस. शनिवारी ताई वर गेल्या की एकटी भिंतीला सांग. जे नाहीच, असं काहीतरी सांग." तिने कप विसळून ठेवला आणि खाली गेली. त्या क्षणी कळलं, मी तिला तुमचा शेवटचा प्रवेश दिला होता.

तो प्रवेश आपल्याकडे कसा झाला ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. कॉलेजच्या संमेलनाच्या आदल्या दिवशी मोलकरणीचं काम करणाऱ्या मुलीला तिच्या वडिलांनी काढून घेतलं. संस्थेच्या अध्यक्षांचे स्वतःचे एक महाराज होते, तसबीर ऑफिसात घड्याळाच्या वर होती. त्यांनी वडिलांना बोलावून घेतलं असणार. तुम्ही म्हणालात, मी उभी राहते, विंगेत हा आहेच. मग सचिवांनी मला बोलावलं. त्यांचा आवाज फार गोड होता. "बाईंना शेवटचं पाठ नाही म्हणे?" मी म्हटलं, सात वेळा बदललंय, गोंधळ होतो. "मग सगळं तुझ्यावरच आहे की. तुला काही करायचं नाही हां. काहीच करायचं नाही. टेंपररी किती वर्षं झाली तुला? परमनंट करून टाकू."

नाटक रंगलं होतं. शेवटचा प्रवेश. महाराज बोट वर करून मोलकरणीचं गुपित सांगतो. तुम्ही पुढे येता, तोंड उघडता, आणि तिथे काही नसतं. सातही वाक्यं एकदम आली असतील. तुम्ही विंगेकडे बघत नाही. ओठ हलत नाहीत. "पुढे?" मी वही धरून उभा आहे, पान तेच, बोट त्याच ओळीवर. तुम्ही पुन्हा म्हणता, "पुढे?" माझ्या तोंडात वाक्य तयार आहे, जिभेवर त्याची चव आहे. मी गिळतो. आणि मग ते झालं, जे कुणी ठरवूनही झालं नसतं. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने हात जोडले. मग रांगेने. शेवटच्या वाक्याशिवाय ते नाटक भक्तीचं नाटक होतं, बाई. महाराजाने गुपित ओळखलं, मोलकरीण निःशब्द झाली, संपलं. अध्यक्ष स्वतः वर आले आणि गणिताच्या प्राध्यापकांच्या गळ्यात हार घातला. बायका पाया पडायला चढल्या. प्राध्यापक आधी घाबरले, मग आशीर्वाद देऊ लागले. पुढे दोन वर्षं त्यांच्या घरी लोक नारळ घेऊन जायचे, आणि एकही नारळ परत गेला नाही म्हणतात.

नंतर विंगेत कपड्यांच्या पेटीवर बसून तुम्ही केसातल्या पिना काढत होतात. इतकंच विचारलंत, "दिलं होतंस?" मी म्हणालो, "दिलं, बाई." तुम्ही मान हलवलीत. "मला ऐकू नाही आलं." त्यानंतर वर्गात तुम्ही मुलांना पुन्हा पुन्हा विचारू लागलात, काय म्हणालास, परत सांग. नाटक परत केलं नाहीत. नोकरी मुदतीआधी सोडलीत. मी परमनंट झालो.

काल मी थर्मोस्टॅट तपासायच्या निमित्ताने गेलो. बायको आधीच भिंतीशी बसलेली. ताई एकेकाला आणत होत्या. दर्शन झालं की माणूस तिथेच बसे, त्यामुळे खोली भरत चालली होती. "बाबा सगळं जाणतात, फक्त मन मोकळं हवं," ताई प्रत्येकाला म्हणत होत्या, आणि माझे ओठ त्यांच्याआधी हलत होते, कारण तुमच्या नाटकात ती विधवा हेच म्हणते. एकाने घराच्या हप्त्यांचं ऐकलं, एकीने सुनेचं. प्रत्येक वेळी सुस्कारा. फर्नेस बंद, खोली गारठत चाललेली, कुणालाच जाणवत नव्हतं. मग ताई पाणी घेऊन वर आल्या आणि जाळीतून एक कुजबुज चढली. शब्द मला लागले नाहीत. जाळी बाबांच्या मानेशी होती. बाबांनी डोळे मिटले.

ती आली. हुडी, ओले मोजे, दोन्ही हातांत पासपोर्ट. वाकली, पासपोर्ट पायांशी ठेवला. बाबांनी डोळे उघडले. मग बोट वर.

"पोरी, तुझी मोठी बहीण सासर सोडून आली, ते दुःख तू एकटी वाहतेस. वर सगळं ऐकू जातं."

खोलीतून सुस्कारा गेला. बायकोने डोळे पुसले आणि पुसता पुसता थांबली. तिलाही ठाऊक होतं ही एकुलती एक आहे. मुलगी तशीच वाकलेली. मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता, बाई. कुणीतरी अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखा चेहरा. तोंड उघडलं, आणि तिथे काही नव्हतं. समोरच्या रांगेत एका आजीने हात जोडले. मग शेजारणीने. मला माहीत होतं आता काय होणार. गार होणाऱ्या पत्र्याची टकटक थांबली. जाळी काळी, चौकोनी, बाबांच्या खांद्यामागे.

"पुढे?"

प्रॉम्प्टरचा आवाज वेगळा असतो, तुम्हीच शिकवलात. श्वास न लावता, फक्त एकाच माणसाच्या कानाकडे सोडलेला. चाळीस वर्षांनी तो निघाला. मुलीने ऐकलं.

"हे तर मी फक्त भिंतीला सांगितलं होतं," ती म्हणाली.

आणि बाई, कुणी हसलं नाही. आजी गहिवरून म्हणाल्या, "बघा! भिंतीला सांगितलेलंसुद्धा बाबांना कळतं!" खोलीभर माना डोलल्या. म्हणजे हे वाक्य पुरतच नव्हतं. त्या संध्याकाळी मी दिलं असतं तरी हार पडलाच असता! क्षणभर किती हलकं वाटलं मला, ते तुम्हाला सांगायची लाज वाटते.

मुलगी विंगेकडे बघत नव्हती. ती बाबांकडे बघत होती. "पण मला बहीणच नाही," ती म्हणाली.

हे तुमच्या वहीत नाही. हे तिचं. तेव्हा कुणीतरी हसलं, फस्सकन, शिंक दाबावी तसं, आणि ती माझी बायको होती. तोंडावर स्वेटरची बाही धरून, डोळ्यांत पाणी, ती हसतच होती. बाबा डळमळले नाहीत हं. म्हणाले, "या जन्मी नाही. मागच्या." आणि लोकांनी तेही घेतलं. पुढच्या शनिवारीही गर्दी असेल. ताईंनी मात्र वळून जाळीकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे, जिथे त्यांचा तो कोच असतो, आणि हातातला पाण्याचा पेला खाली ठेवून दिला. मुलीने पासपोर्ट उचलला. कुणी अडवलं नाही. आम्ही तिघं खाली येऊन बूट घालत होतो तेव्हा वर आरती सुरू झाली.

गाडीत मी हीटर लावला. मग मागून ती म्हणाली, "काका, ते भिंतीचं तुम्ही बोललात ना?"

"हो."

"मग पहिल्यांदा कोण बोललं?"

मी आरशात पाहिलं.

"दोनदा आलं मला. आधी बाईचा आवाज होता. जाळीकडून. मग तुमचा. काकू, तुम्ही बोललात?"

"मी कुठे?" बायको म्हणाली. "मला तर थंडीने तोंड उघडवत नव्हतं."

मी सिग्नलला नीट थांबलो. घरी आल्यावर ती खाली गेली, लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला, आणि सोमवारच्या असाइनमेंटबद्दल कुणाशी तरी इंग्रजीत भांडायला लागली. आज सकाळी बायको ग्रोसरीला गेली आहे. वही समोर आहे. या वहीबद्दल तुम्ही विचारलं होतंत तेव्हा मी हरवली म्हणून सांगितलं होतं. तेही जाऊ दे.

मस्कतला तुमचं पत्र आलं होतं. तुमच्या जाण्याच्या वर्षभर आधी. कानाच्या डॉक्टरने कान ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं, तुम्ही लिहिलं होतंत. "म्हणजे दोष आत, डोक्यातच कुठेतरी असणार. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. तेवढं एक खरं कळव, त्या दिवशी तू वाक्य दिलं होतंस ना?" बाई, तेव्हा मला कुणाची भीती होती? सचिव मेले होते, नोकरी मी सोडली होती, समुद्र मध्ये होता. मी लगेच उत्तर लिहिलं, आणि पोस्टात टाकलं. "दिलं होतं, बाई. दोनदा दिलं."

हे पत्र कुठे टाकणार? डक्टमध्ये कागद टाकत नाहीत, फिल्टरला जाऊन चिकटतो. पंखा आत्ताच बंद झाला आहे. मी लिहिलेलं मोठ्याने वाचतोय, भिंतीकडे तोंड करून, आणि आज तिकडून कुणी काही विचारत नाही.

एकदाही दिलं नव्हतं. तुमचे कान चांगले होते.